मेंडोलिनला भोक पाडलं तेव्हा

पहिलं नाव घ्यायचं ते वत्सलावहिनीचं. अनसिंगात तिच्या घरी, तिच्या वडिलांच्या मेंडोलिनला मी भोक पाडलं, आणि मी ते पाडत असताना मेंडोलिन तिनं स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी तिच्याविषयी मनात काय काय आणलं तेही लिहावं लागणार आहे, आणि कुणी अर्ध्यातच वाचणं सोडलं तर निदान एवढं तरी त्याच्यापाशी राहावं.

मी त्या घरात कसा आलो ते थोडक्यात. शाळा सोडून मी एका ऑर्केस्ट्राबरोबर निघालो होतो, वायरी गुंडाळायला आणि खोकी उचलायला. तिथल्या मेंडोलिनवाल्यानं रिकाम्या दुपारी मला बोटं ठेवायला शिकवली. तो ऑर्केस्ट्रा वाशीमात मोडला. मालक एका सकाळी दिसेनासा झाला, वाजवणारे आपापल्या गावच्या गाड्यांत बसले आणि मी बसस्टँडवर राहिलो. घरी परत जायचं नव्हतं, कारण घरी गेलो की गुऱ्हाळावर चुलाण्यापाशी बसायचं ठरलेलं होतं. वहिनीचे नवरे दादाराव गायन पार्टी चालवायचे. त्यांच्या पार्टीचा मेंडोलिनवाला, म्हणजे वहिनीचे वडील, वारले होते, आणि एक चांगलं मेंडोलिन खिळ्याला लटकून होतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि दादाराव मला घेऊन आले. एवढंच.

घर तीन खोल्यांचं, मधे अंगण, अंगणापलीकडं दादारावांच्या धाकट्या भावाची, राजपालची खोली. सकाळी पिठाच्या गिरणीचा ठकठक आवाज सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत, मधूनच स्टँडाकडून एसटीचा हॉर्न. मी कृष्णाकाठचा. माझ्या तोंडाला आमटीची सवय, आणि इथं भाकरीवर वहिनी भुरका वाढायची: कढलेल्या तेलात लाल मिरच्यांचा भुगा आणि शेंगदाणे. पहिले काही दिवस डोळ्यांतून पाणी यायचं आणि राजपाल म्हणायचा, "रडते काहून रे हा? घरची याद येते काय?" त्यावर मी "न्हाई, न्हाई" म्हणायचो, आणि माझ्या त्या "न्हाई"ची नक्कल तो संध्याकाळपर्यंत करायचा.

मेंडोलिन मधल्या खोलीत असे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. गोल पोटाचं, पाठीवर काळ्या-पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्या. ते मला वाजवायची मुभा होती, पण घराबाहेर न्यायची नव्हती. कार्यक्रम असला की राजपाल ते स्वतः उचलायचा, टेंपोत मांडीवर घेऊन बसायचा आणि स्टेजवर चढल्यावर माझ्या हातात द्यायचा. शेवटचं गाणं संपलं की हात पुढं. कुणी उघड काही बोलत नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलता ठेवलेल्या पाळतीचा वास माणसाला लवकर येतो, आणि मग त्यालाही सगळ्यांवर पाळत ठेवायची सवय लागते. मी झोपताना पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळायचो. पिशवीत एक सदरा आणि कंगवा होता.

त्या साली राजपालनं की-बोर्ड आणला आणि बरोबर मोठा साउंडचा डबा. तेव्हापासून माझं मेंडोलिन कुणाला ऐकू येईना. पुढं माइक ठेवला तर त्यात ढोलकी जास्त शिरायची, आणि आवाज वाढवला की डबा किंचाळायचा. एका लग्नात मी दोन गाणी हात न लावता नुसता बसून राहिलो, कुणाला कळलंसुद्धा नाही. दादाराव कडक माणूस नव्हते, पण त्यांनी सरळ सांगितलं, "दत्ता, तू वाजवतो का नाई, तेच समजत नाई लेका. जयंतीचा कारेक्रम होऊ दे. मंग पाहू." मंग पाहू म्हणजे काय ते मला कळलं. मेंडोलिनच्या जागी राजपाल की-बोर्डावर एक बोटानं तीच धून वाजवू शकत होता, आणि वाजवणार होता. मग मला त्या घरात भाकरी कशाबद्दल मिळणार होती?

ऑर्केस्ट्रात मी एकाच्या वाद्यात आतून बसवलेला पिकअप पाहिला होता. पितळेची पातळ चकती, तिच्यावर पांढरी चकती, दोन तारा. लाकूड थरथरलं की चकती थरथरते आणि तो थरार वायरीतून डब्यात जातो, मधे हवा नाही, माइक नाही, ढोलकी नाही. वाशीमला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तसली चकती एका बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातून निघाली. दुकानदारानं ती देताना विचारलं, "घड्याळाची चकती मेंडोलिनात? तुले कोनं सांगतलं?" त्याच्या विचारण्यातही मला संशयच दिसला. आज फोनवर बोट ठेवलं की तयार पिकअप दारात येतो. मी इथं सुरतेतल्या माझ्या दुकानात महिन्याला दोन-चार तरी बसवतो, आणि गिऱ्हाईक काम होईस्तोवर समोर स्टुलावर बसून राहिलं की मला राग येत नाही. त्याचं वाद्य आहे. त्यानं बसावं.

वहिनीला विचारायचं धाडस मी ती तुरी पाखडत असताना केलं, कारण सुपाच्या आवाजात माझा आवाज जरा कमी लागला असता.

"वहिनी, मेंडोलिनच्या आत एक चकती चिकटवायची. आणि बुडाला एक भोक पाडावं लागंल. वायर लावायला."

सूप थांबलं. "केवढं?"

"बोट जाईल एवढं."

"माहा बाप त्याले जमिनीवर टेकू नाई देत होता. आन् तू बोट घालतो म्हनतो." मग बराच वेळ ती सुपातले खडे वेचत राहिली. "बिघडलं तं?"

"न्हाई बिघडत."

"तुले कसं मालूम? पाडलं काय कदी?"

खोटं बोललो असतो तर तिला कळलं असतं, असं तिचं बघणं होतं. शेवटी ती म्हणाली, "पाड. पन मी बसल्याबिगर हात लावजो नोको." तेव्हा मला वाटलं, ही परवानगी नाही, पहारा आहे.

राजपालनं ते ऐकलं आणि अंगणातूनच बोलला, "वहिनी, याचं गाव पाह्यलं काय कोनं? भोक पाडंन, वायर टाकंन, मस्त चीज बनवंन, आन् एक दिवस सकाऊन चीज बी नाई आन् हा बी नाई."

"तुमचा तो बाजा पह्यले शिका भाऊजी," वहिनी म्हणाली. "एक बोट वापरता, नऊ बोटं काय लोनच्याले ठेवले?"

चकती कुठं चिकटवायची ते आधी अजमावावं लागतं. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिच्या खाली आतून लावली तर आवाज भरतो, पण बोटभर इकडंतिकडं झालं की डब्यातून पत्र्यासारखा येतो. कायमचा डिंक लावायच्या आधी जागा बदलता यावी म्हणून मी वहिनीकडून कणकेचा गोळा घेतला. मेंडोलिनला तारांखाली मूळचंच जे गोल भोक असतं त्यातून दोन बोटं आत घालून, जिथं दिसत नाही तिथं चाचपत, कणकेनं चकती बसवली. तिसऱ्या जागी आवाज असा लागला की दादाराव दाढी करता करता अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर आले. कणीक वाळेल, घट्ट बसेल, म्हणून मी तसंच लुगड्यात गुंडाळून ठेवलं.

सकाळी वायर डब्यात घातली तर काहीच नाही. आत बोट घातलं तर चकती सुटलेली, आणि एक तार तुटलेली. मला जे वाटायचं ते लगेच वाटलं. मी अंगण ओलांडून राजपालच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "तुम्ही तोडली. मला घालवायचं तर तोंडानं सांगा." आवाज फाटला होता. राजपाल दात घासत होता, ब्रश तोंडातच राहिला. दादाराव बाहेर आले. आता मला बाहेर काढतील, असं मी धरूनच चाललो.

वहिनीनं मेंडोलिन उचललं, पालथं केलं आणि तान्ह्या पोराला थोपटावं तसं पाठीवर थोपटलं. भोकातून उंदराच्या लेंड्या पडल्या, सात-आठ. त्यांच्याबरोबर कणकेचा एक कुरतडलेला तुकडा.

राजपालनं तो तुकडा उचलून निरखून पाहिला. "घ्या. मीच खाल्ली म्हना ना. निस्तीच कनीक खाल्ली, भाकर बी नाई केली तिची." आणि मग माझ्याकडं बघून, हसू न आणता, "पन तू मले चोर म्हनलास. ध्यानात ठेवतो मी."

त्यानंतर मी डिंक वापरला, दोन नळ्यांतला एकत्र करायचा तो, तुटलेली तार जोडली आणि चकती पक्की केली. भोक दुसऱ्या दिवशी दुपारी पाडलं. शेजारच्या सुताराचं गिरमिट आणलं, पण थेट जाड गिरमिट लावलं तर लाकूड उभं तडकतं, म्हणून आधी बारीक भोक, मग तापवलेली सळई, मग गोल कानस. वहिनी भिंतीला टेकून बसली, मांडीवर चौघडी घातलेली गोधडी, तिच्यावर मेंडोलिन, बूड माझ्याकडं. सळई लागली तसा लाकडातून धूर निघाला आणि जुन्या पेटीसारखा वास खोलीभर पसरला. तिनं डोळे मिटले. मला तिच्या हातांची पकड दिसत होती, नखं पांढरी पडलेली. मी एकदा थांबलो तर म्हणाली, "थांबू नोको. अर्ध्यात थांबलं का जास्त दुखते." कुणाला दुखतं ते मी विचारलं नाही. मग दोरा बुडाच्या भोकातून आत सोडून गोल भोकातून वर काढला, त्याला वायर खोचायचा जॅक बांधला, आणि दोरा ओढत ओढत तो आतून बाहेर आणला. जॅकचं तोंड भोकातून बाहेर आलं तेव्हा वहिनी म्हणाली, "नाळच ओढून राह्यला जसा."

आवाज आला, मोठा, स्वच्छ. पण त्याच्याखाली घरघर होती, गिरणी लांबून चालल्यासारखी, आणि ती काही केल्या जाईना. डबा जवळ असल्यानं होतं की काय ते पाहायला मी लांब वायर जोडली. डबा राजपालच्या खोलीत, मेंडोलिन अंगणापलीकडं मधल्या खोलीत, पत्र्याच्या पेटीवर झोपवलेलं. राजपाल घरात नव्हता. मी डब्याचा आवाज पूर्ण चढवला, जाळीला कान लावला आणि घरघर मोजत बसलो.

तेवढ्यात पेटीवर कुणी बसल्याचा धाडकन आवाज डब्यातून आला. आणि त्यामागून, खूप लांबून, विहिरीतून यावं तसं बोलणं. चकतीला हवेतला आवाज नीट कळत नाही, पण पेटी पत्र्याची, आणि बोलणारे तिला टेकूनच बसलेले.

दादाराव म्हणाले, "निरोप पोचला त्याच्या घरी. मंगळवारी येते त्याचा मोठा भाऊ, न्यायले."

मग राजपाल, म्हणजे तो बाहेरून थेट तिकडंच गेला असावा. "आन् त्याच्या पह्यले पळाला तं? भोक तं पाडून ठेवलं."

आणि मग वहिनी. "पोराले सांगू नोका कोनी. पळून जाईन. काम पुरं होऊ द्या त्याच्या हातचं."

मी डबा बंद केला. बोलणं पुढंही झालं असेल, मी ऐकलं नाही. माझ्या गावाचं नाव मी एकदाच, जेवताना, बोलून गेलो होतो आणि तिनं ते धरून ठेवलं होतं. काम पुरं करून घ्यायचं आणि मग भावाच्या हवाली करायचं. मांडीवर मेंडोलिन धरून बसली होती ती एवढ्यासाठी. माझ्या मनात ते असं रचून बसलं की एकही फट राहिली नाही. संध्याकाळी तिनं वाढलं, मी खाली मान घालून जेवलो, आणि तिनं "अजून घे" म्हटलं तर त्यातही मला डाव दिसला.

पहाटे स्टँडावरून एसटी होती. मी पिशवी बांधून ठेवली. पण उठलो, मधल्या खोलीपाशी आलो, आणि ते घरघरणारं मेंडोलिन तसंच टाकून जाववेना. बाईच्या बापाच्या वस्तूला मी भोक पाडलं होतं. तशी टाकून गेलो असतो तर राजपाल म्हणाला ते सगळं खरं झालं असतं, फक्त मेंडोलिन घरात राहिलं असतं एवढाच फरक. एसटीचा हॉर्न वाजला, एसटी गेली, आणि मी मेंडोलिन खोलत बसलो होतो.

घरघरीचं कारण मला जॅकला बोट लागल्यावर सापडलं. धातूला बोट लावलं की ती थांबायची, बोट काढलं की सुरू. म्हणजे वाजवायच्या तारा मोकळ्या राहिल्या होत्या, त्यांना जमिनीशी जोडणारं, अर्थिंगचं, काही नव्हतं. बुडाला तारा अडकवायची जी पत्री असते, तिच्याखाली मी एक बारीक तार घातली आणि आतून वायरीवरच्या तांब्याच्या जाळीला कथलानं जोडली. मग हात तारांवर असला की डबा गप्प. नुसतं मेंडोलिन उरलं. वहिनी चुलीपुढून उठून आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. काम पुरं झालं होतं.

सोमवारी मी पिशवी पुन्हा उचलून पाहिली तर ती जड लागली. आत, फडक्यात बांधलेल्या, दोन भाकरी आणि कागदात भुरका. म्हणजे तिनं बांधलेली पिशवी पाहिली होती. आणि वर शिदोरी भरली होती. मी तिथंच बसलो. एकीकडं भावाला बोलावते, दुसरीकडं पळायला भाकरी देते, ह्या बाईच्या मनात आहे तरी काय? तिला मी जावंसं वाटत होतं की राहावंसं, ते मला ठरवता येईना, आणि ठरत नाही तोवर पाय उचलेना. असा मी मंगळवारपर्यंत राहिलो. धैर्यानं नव्हे, संशयानं.

नाना, माझा भाऊ, दुपारच्या गाडीनं आला. धुळीनं पांढरा, हातात आईनं दिलेली पिशवी. मला वाटलं होतं तो आल्याआल्या कानाखाली देईल. तो उंबऱ्यात बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "जित्ता हाईस व्हय." मग म्हणाला, "आई जेवताना तुझी ताटली मांडती रोज. निरोप आला त्या दिवशी पयल्यांदा पोटभर जेवली." घरातून निघाल्यापासून मी एक शब्द पाठवला नव्हता.

वहिनीनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. "भाऊ, न्यायचं तं न्या. तुमचं पोरगं हाये. पन आज रातच्याले हा वाजवते. ते आयका, मंग बोला."

जयंतीच्या कार्यक्रमात नानाला तिनं साउंडच्या डब्यासमोरच बसवलं. वस्ती भरलेली, बाया-पोरं, सतरंज्या पुरत नव्हत्या. राजपालनं मेंडोलिन माझ्या हातात दिलं आणि वायर जॅकात स्वतः खोचली, दोनदा हलवून पाहिली. दादारावांनी पहिलं गाणं उचललं. कडव्याच्या मधे मेंडोलिनचा तुकडा होता, आणि मी तो वाजवला तेव्हा माझाच आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. राजपालनं की-बोर्डावरचं बोट काढून घेतलं. दुसऱ्या कडव्यानंतर तो नुसता बसूनच राहिला, हाताची घडी घालून, आणि नंतर म्हणाला, "मले पान खायाचं होतं."

नाना दोन दिवस राहिला. भुरक्यानं त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं. जाताना स्टँडावर तो मला म्हणाला, "आईला काय सांगू?" मग तोच म्हणाला, "सांगतो, ऐकू येतंय म्हणून." आणि एकटाच गाडीत चढला.

घरी येऊन मी वहिनीला विचारलंच. बोलावलं का, आणि बोलावलं तर भाकरी का बांधल्या. ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुह्या मायले मालूम नोतं तू जित्ता का मेला. म्हून बलावलं. तुले सांगतलं असतं तं तू पळाला असता. पिशवी बांधलीच होती ना?" मी मान हलवली. "आन् गेलाच असता तं उपाशी कायले जावं?"

मी पळून जाईन असा तिला संशय होता तो खरा होता. मी तिच्यावर घेतलेला संशयही एका अर्थी खराच होता, तिनं लपवलं होतंच. एवढ्या वर्षांत मी ते पुष्कळदा उलटून पाहिलंय आणि दर वेळी माझ्या हाती त्या दोन भाकरीच राहतात. मी त्या घरात चार वर्षं वाजवलं, आणि ते सुटल्यावर पुढं जे काही वायरी-डब्यांचं पोटापाण्याचं झालं ते त्या भोकापासून सुरू झालं.

नाना गेला त्याच आठवड्यात वहिनीनं मला एक मागितलं होतं. तिच्या बापानं वस्तीतल्या सगळ्या पोरांना मेंडोलिन शिकवलं, तिला कधी शिकवलं नाही. "मले एक गानं दाखोशीन काय?" मी म्हणालो, दाखवतो, सीझन संपू द्या. मग पुढचा सीझन आला, मग त्याच्या पुढचा. आता ती फोनवर म्हणते की डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी उरलेल्या दोन बोटांत बसेल अशी एक धून जुळवून ठेवली आहे, साधी, दोन तारांवरची. दुकान कुणाच्या तरी हवाली करता आलं की मी अनसिंगला जाणार आहे, आणि तिला ती येईपर्यंत तिथून उठणार नाही.